चर्चची चर्चा तर होणारच!

रोज लाखो पावलं चर्चगेट स्टेशनात उतरतात. पण चर्चगेटमधलं ‘चर्च’ कुठंय, माहीत आहे का? आणि ‘गेट’?

चला, सुरुवातच धक्क्याने करू. गेट गायब आहे! जुन्या फोर्टच्या तटबंदीला तीन दरवाजे होते : अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. १८६०च्या दशकात तटबंदी पाडली आणि तिच्याबरोबर दरवाजेही गेले. चर्च गेट होतं त्या जागी आज फ्लोरा फाउंटन उभं आहे. स्टेशन सुरू झालं १८७० मध्ये. म्हणजे आधीच पाडलेल्या दरवाजाचं नाव स्टेशनने उचललं आणि अख्ख्या वेस्टर्न लाइनच्या तोंडी बसवलं!

चर्च मात्र जागच्या जागी ठणठणीत आहे. हॉर्निमन सर्कलला लागून उभं असलेलं सेंट थॉमस कथिड्रल. दरवाजातून शिरलेला रस्ता या चर्चकडे यायचा, म्हणून तो चर्च गेट. आता पुढच्या वेळी ‘चर्चगेट स्लो’ पकडलीत की शेजारच्याला हा किस्सा ऐकवा. अंधेरीपर्यंत गप्पांना विषय पुरेल.

रखडपट्टी? ४२ वर्षांची!

मुंबईतली कामं रखडतात ही काही आजची बातमी नाही. सेंट थॉमसची पायाभरणी १६७६ ची. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांनी मोठ्या हौसेने काम काढलं आणि पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं. भिंती अर्ध्या उंचीवर थांबल्या. मग वर्षं उलटत गेली, गव्हर्नर येत-जात राहिले, भिंती तशाच!

शेवटी रिचर्ड कॉब नावाचे एक खमके पाद्री आले. त्यांनी भर प्रवचनात वर्गणीचा विषय काढला आणि काम धसास लावलं. १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च खुलं झालं. पाया ते प्रार्थना, मोजा : तब्बल ४२ वर्षं!

आणि हे माहीत आहे का? एके काळी मुंबईचा ‘झीरो पॉइंट’ म्हणजे हेच चर्च. शहरातली अंतरं इथून मोजायचे आणि त्यासाठी रस्तोरस्ती मैलाचे दगड बसवले होते. पुढे त्यातले कित्येक फूटपाथखाली गाडले गेले. अलीकडे ते हुडकून, साफसूफ करून पुन्हा वर काढलेत. दादर-परळकडे चालताना एखादा काळा, ठेंगणा दगड दिसला तर लाथाडू नका, वाचा!

बोनस माहिती : साउथ बॉम्बेची नामांकित ‘कथिड्रल’ शाळा का सुरू झाली? या चर्चच्या गायकवृंदाला सुरेल मुलं हवी होती म्हणून! साल १८६०. आज तिथे ॲडमिशन मिळवताना पालकांचा सूर लागत नाही, तो भाग वेगळा.

मुंबईत न आलेला मुंबईकर

सेंट थॉमसच्या आवारात शिरलात की पहिल्यांदा दिसतं नक्षीदार, टोकदार गॉथिक कारंजं. याचं डिझाइन कुणाचं? सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचं. ओळखलंत? राजाबाई टॉवरवाले! मुंबई विद्यापीठाचा कॉन्व्होकेशन हॉलही त्यांचाच. आणि धमाल म्हणजे हे साहेब आयुष्यात एकदाही मुंबईत आले नाहीत. नकाशे लंडनहून निघाले, दगड इथे चढले. वर्क फ्रॉम होम, तेही एकोणिसाव्या शतकात!

कारंज्याचे पैसे कुणी दिले? सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. आडनावातच ‘रेडी मनी’, मग काय हो! ख्रिस्ती चर्चसमोर पारशी शेटजींचं कारंजं. हे नाव लक्षात ठेवा, शेटजी पुढच्या चर्चमध्येही भेटणार आहेत.

अफगाण चर्चमध्ये अफगाण कोण?

उत्तर : कुणीच नाही!

कुलाब्याच्या नेव्हीनगरकडे जाताना झाडांच्या वर एक उंच निमुळता मनोरा दिसतो ना, तेच ते. खरं नाव चर्च ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्या सैनिकांचं हे स्मारक. १८४७ मध्ये पाया घातला, १८५८ मध्ये चर्च खुलं झालं आणि मनोरा पूर्ण व्हायला १८६५ उजाडलं. उंची साधारण ६० मीटर, म्हणजे आजच्या हिशेबात जवळपास वीस मजले. समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना मुंबई आली हे या मनोऱ्यावरून कळायचं. आणि मनोऱ्याच्या वर्गणीत नाव कुणाचं? रेडीमनी शेटजी, प्रेझेंट सर!

पण या चर्चची माझी सर्वांत आवडती गोष्ट पुढेच आहे. डिझाइन करणारे हेन्री कॉनिबेअर हे पेशाने इंजिनिअर. मुंबईला नळाने पाणी मिळावं म्हणून ज्यांनी विहार तलावाची योजना आखली, ते हेच! एकाच माणसाने मुंबईला गॉथिक मनोराही दिला आणि नळाचं पाणीही. पवईकडून विहारचं पाणी दिसलं की मला हटकून कुलाब्याचा मनोरा आठवतो.

आत जरा निवांत थांबा. इथे घाई करू नका. पायाखाली इंग्लंडहून आणलेल्या टाइल्स, भौमितिक नक्षीच्या. त्या विल्यम बटरफील्ड या बड्या आर्किटेक्टच्या डिझाइनच्या. रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या. दुपारी पश्चिमेचं ऊन आत आलं की फरशीवर निळे-तांबडे तुकडे सांडतात आणि हळूहळू सरकत जातात. वर पलटणींचे जुने, विरलेले झेंडे.

मग वेदीजवळच्या भिंतीवरचा मजकूर वाचा. मृत अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या शिपायांची नाहीत. ते इतके होते की प्रत्येकाचं नाव कोरणं शक्य नाही, असं तिथेच लिहून ठेवलंय. हजारो माणसं आणि त्यांच्या वाट्याला एक ओळ. एवढ्या सुंदर इमारतीत ती ओळ टोचते आणि टोचायलाच हवी.

असो. पुढे चला, बस चुकेल!

ताजवाला आर्किटेक्ट

कुलाब्यातच, वुडहाउस रोडवर जुळ्या मनोऱ्यांचं होली नेम कथिड्रल आहे. मुंबईच्या कॅथलिक आर्चबिशपांचं मुख्य चर्च. १९०५ मध्ये पूर्ण झालं. आर्किटेक्ट? डब्ल्यू. ए. चेंबर्स.

हे नाव ऐकलंय? नसेल तर त्यांचं दुसरं काम सांगतो : ताजमहाल हॉटेल!

ताजचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम चालू असताना वैद्यांचं निधन झालं आणि उरलेलं काम चेंबर्स यांनी पूर्ण केलं. १९०३ मध्ये हॉटेल सुरू आणि दोनच वर्षांत पलीकडे चर्च तयार. ताज ते होली नेम अंतर पायी दहा-पंधरा मिनिटांचं. एकाच माणसाच्या हातची दोन कामं एकाच संध्याकाळी बघून होतात, तेही ताजमधला चहा न पिता!

इथे पोपच्या भेटवस्तूही आहेत. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले होते. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्यांनी या चर्चला चक्क एक घंटा भेट दिली.

बर्फ पाहिजे? चर्चशेजारी मिळेल!

लायन गेटजवळ, नेव्हीच्या गोदीसमोर एक पांढरं, टुमदार चर्च आहे. ते स्कॉटिश मंडळींचं सेंट अँड्र्यूज, १८१९ चं. खांबांची रांग, त्रिकोणी कपाळ, वर मनोरा. १८२६ मध्ये मनोऱ्यावर वीज कोसळली आणि तो नव्याने बांधावा लागला.

पण खरी थंडगार गंमत बाहेर होती. याच्या जवळच घुमट असलेलं ‘आइस हाउस’ होतं. त्यात ठेवलेला बर्फ यायचा कुठून, माहीत आहे का? अमेरिकेहून! बॉस्टनकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात गुंडाळून, जहाजातून अर्धं जग ओलांडून मुंबईत. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं आणि यजमानांसकट सगळ्यांना सर्दी झाली, असं त्या काळच्या बातम्यांत आलं होतं म्हणे. आइस हाउस आज नाही. चर्च आहे.

मोत माउली, पारशी आर्किटेक्ट आणि मेणाची घरं

आता वांद्रे! माउंट मेरी न पाहिलेला मुंबईकर विरळाच. पण कोळी बांधव तिला ‘मोत माउली’ म्हणतात, हे माहीत आहे का? होळी असो की सप्टेंबरची जत्रा, माउलीला नमस्कार करताना धर्माचा रकाना कुणी भरून घेत नाही.

टेकडीवरचं आत्ताचं चर्च १९०४ चं. आणि त्याचे आर्किटेक्ट होते शापूरजी चांदाभॉय. हो, पुन्हा पारशी! अग्नीला पूजणाऱ्या माणसाने मेरीचं घर बांधलं आणि असं बांधलं की १९५४ मध्ये पोपनी त्याला ‘बॅसिलिका’चा मान दिला.

मूर्तीची कहाणी तर सिनेमाला लाजवेल. मस्कतकडचे अरब चाचे आले, हातातली सोनेरी वस्तू खऱ्या सोन्याची समजून त्यांनी मूर्तीचा हातच तोडला, असं सांगतात. पुढे मराठे-पोर्तुगीज युद्धाच्या धामधुमीत टेकडीवरचं जुनं चर्च गेलं. मूर्ती समुद्रातून कोळ्यांना सापडली, ही आख्यायिका. ती काही काळ माहीमच्या चर्चमध्ये होती आणि १७६१ मध्ये टेकडीवर परतली.

चर्चबाहेरच्या स्टॉलवर थांबा, तिथलं मेणकाम जवळून बघा. नुसत्या मेणबत्त्या नाहीत. मेणाचा हात, मेणाचा पाय, डोळे, तान्हं बाळ. जे दुखतंय ते माउलीपुढे ठेवायचं. घर हवंय त्यांच्यासाठी मेणाचं टुमदार घर, खिडक्या-दरवाजांसकट. अलीकडे विमानंही दिसतात, परदेशी जायचंय ना! वांद्र्यात परवडणारं घर अजून तरी या स्टॉलवरच मिळतं.

तिथून खाली हिल रोडवर उतरा. सेंट अँड्र्यूज (हो, नाव तेच, चर्च वेगळं) थेट १५७५ च्या सुमाराचं! शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला तेव्हा अजून पन्नासएक वर्षं होती. आवारातला दगडी क्रूस जवळ जाऊन बघा. येशूच्या अखेरच्या तासांतल्या खुणा त्यावर एकेक कोरल्या आहेत : शिडी, हातोडा, खिळे, कोंबडा.

वांद्र्याच्या गल्ल्यांत नाक्यानाक्यावर जे छोटे क्रूस दिसतात, त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या काळातले. साथ टळावी म्हणून लोकांनी आपापल्या गल्लीच्या तोंडाशी उभे केलेले. आजही कुणीतरी तिथे सकाळी झेंडूचा हार घालतंच.

बुधवार म्हणजे माहीम

खाडी ओलांडली की माहीमचं सेंट मायकल्स. मूळ चर्च सोळाव्या शतकातलं, पण आजची इमारत १९७३ ची. इथे दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना असते. १९४८ पासून! पहाटेपासून रात्रीपर्यंत, मराठी, कोकणी, इंग्रजी, हिंदी, तमिळ अशा वेगवेगळ्या भाषांत. त्या दिवशी एल. जे. रोडवरून टॅक्सी नेणारा ड्रायव्हर आधीच कपाळाला हात लावतो.

एल. जे. म्हणजे कोण? लेडी जमशेटजी. माहीम-वांद्रे खाडीत बोटी उलटायच्या, माणसं बुडायची. या बाईंनी स्वतःच्या पैशाने माहीमचा कॉजवे बांधून घेतला. १८४५ मध्ये तो खुला झाला. माहीमच्या चर्चमधून वांद्र्याच्या चर्चकडे आज आपण कोरड्या पायांनी जातो, ते एका पारशी बाईंच्या कृपेने.

आणि आता... पोर्तुगीज चर्च!

मुंबईच्या मॉडर्न चर्चमध्ये माझं मत एकालाच. दादरच्या पोर्तुगीज चर्चला. खरं नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, पण बस कंडक्टरला विचारून बघा, त्याला ‘पोर्तुगीज चर्च’च कळतं.

गंमत म्हणजे आज तिथे पोर्तुगीज दिसावं असं काहीच नाही. १५९६ मध्ये फ्रान्सिस्कन पाद्रींनी बांधलेल्या चर्चच्या जागी १९७०च्या दशकात नवी इमारत आली आणि तिचे आर्किटेक्ट होते चार्ल्स कोरिया. पणजीची कला अकादमी, पेडर रोडजवळचं कांचनजंगा, नवी मुंबईची आखणी : तेच कोरिया.

मनोरा नाही. टोकदार कमानी नाहीत. लांबलचक अंधारा दिवाणखानाही नाही! त्याऐवजी उघडी अंगणं आणि झाकलेल्या जागा एकमेकींत मिसळलेल्या. डोक्यावर काँक्रीटची उंच निमुळती छपरं. त्यांचं काम ऐका, फार हुशारीचं आहे : गरम हवा वर चढते आणि माथ्याकडून बाहेर पडते, खाली अंगणातून गार वारा आत येतो. मे महिन्यातल्या दादरमध्ये, एसीशिवाय! त्यात रचनेला अर्थही आहे. येशूचा बाप्तिस्मा, त्याची जाहीर शिकवण आणि त्याचं बलिदान हे तीन टप्पे तीन जागांमध्ये मांडलेत. चर्चमध्ये चालत जायचं म्हणजे ती कथा चालत जायची.

आणि रंगीत काचकाम कुणाचं, माहीत आहे का? एम. एफ. हुसेन यांचं! पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराचे रंग, गोव्याच्या मुळाच्या आर्किटेक्टचं काँक्रीट आणि पत्ता दादरचा. अफगाण चर्च पाहायला परदेशी पर्यटक येतात, ठीक आहे. पण हे चर्च पाहायला निम्मं दादरही आत जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. बाहेरून काँक्रीटचं गोदाम वाटतं म्हणून लोक पुढे जातात. अहो, आत शिरा!

झटपट फेरी

देवळाचं चर्च, चर्चचं पुन्हा लेणं : बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर या शैव लेण्यांत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी चर्च थाटलं. आत नटेशाचं शिल्प आहे आणि बाहेर भिंतीवर कोरलेला क्रूसही. डोक्यावर जुन्या मठाचे अवशेष. एका खडकात इतकी वळणं!

हिऱ्यांच्या गर्दीत भग्नावशेष : अंधेरीच्या सीप्झमध्ये, दागिन्यांच्या आणि आयटीच्या कंपन्यांच्या मधोमध, १५७९ चं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च उभं आहे. १८४० च्या सुमारास साथ आली, गाव उठलं, चर्च मागे राहिलं. छप्पर गेलंय, दर्शनी भिंत झाडाझुडपांतून अजून ताठ. आजही गावकऱ्यांचे वंशज वर्षातून एकदा तिथे मिस्सा करतात.

फोर्टातलं आर्मेनिया : मेडोज स्ट्रीटला १७९६ चं आर्मेनियन चर्च आहे. बिल्डिंगांच्या गर्दीत इतकं लपलेलं की शेजारी नोकरी करणाऱ्यांनाही पत्ता नसतो.

रेल्वे आली, चर्च हललं : भायखळ्याचं भव्य ग्लोरिया चर्च मूळचं माझगावचं. १९११ मध्ये रेल्वेसाठी जुनं पाडलं आणि १९१३ पर्यंत नवं भायखळ्याला उभं राहिलं.

चर्चच्या घंटा देवळात

शेवटचा नगेट सर्वांत मोठ्या आवाजाचा! १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. वसईच्या किल्ल्यात चर्चची रांगच होती, त्यांचे अवशेष आजही आहेत. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. आणि हो, कोल्डप्लेच्या ‘हिम फॉर द वीकेंड’च्या व्हिडिओत दिसतो तोही हाच किल्ला.

पण चर्चच्या घंटांचं काय झालं? त्या मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि देवळांत बांधल्या! नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रचंड घंटा, तिच्यावर १७२१ साल आहे. गोदेला पूर आला की नाशिककर आजही पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोचलं का, ते बघतात. वाईजवळच्या मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर दुसरी घंटा आहे. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. भीमाशंकरलाही एक आहे. शंकराच्या दारात मेरीची घंटा आणि दोन-अडीचशे वर्षं भाविक ती मनोभावे वाजवतायत!

तर मंडळी, पायात बूट घाला आणि निघा. आत जाताना मोबाइल सायलेंट, मिस्सा चालू असेल तर फोटो नाही. अफगाण चर्चचा दरवाजा बंद दिसला तर आवारातल्या रखवालदाराला विनंती करा. सीप्झमध्ये पासशिवाय प्रवेश नाही, उगाच हेलपाटा नको. दादरला मात्र कधीही जा. आणि माउंट मेरीची जत्रा गाठायची तर ८ सप्टेंबरनंतरचा रविवार लक्षात ठेवा. तिथून पुढे आठवडाभर ती चालते. गाडी घरीच ठेवा, वांद्रे स्टेशनवरून बेस्टच्या जादा बस सुटतात.